चौतीस, पस्तीस, छत्तीस

आई नंबर विसरली नव्हती. नंबर मी बदलला होता, आणि तिला सांगितलं नव्हतं.

हे वाक्य तिच्यासमोर उच्चारायला मला चार महिने लागले. आता ते लिहून टाकलंय, तर बाकीचंही लिहितो.

घरात आम्ही दोघंच. मी त्रेपन्न वर्षांचा, आई अठ्ठ्याहत्तरची. वडील मी कॉलेजात असतानाच गेले. माझं लग्न राहून गेलं. दहा बाय बाराच्या खोलीत मुलगी द्यायला कोणी तयार होईना, आणि पुढे एकटं राहायची मलाच सवय झाली. लालबागच्या आमच्या चाळीत आईने पन्नास वर्षं काढली. खोली नंबर चौतीस. गिरण्या चालू होत्या तेव्हा ती खानावळ चालवायची. छत्तीस नंबरात कोकणातून आलेले बारा-चौदा गिरणी कामगार दाटीवाटीने राहायचे आणि दोन्ही वेळा आमच्याकडे जेवायचे. त्यांच्या भाकऱ्या आई एकटी थापायची. मधल्या पस्तीस नंबरात मावशी राहायची. सख्खी नव्हे, पण मला शाळेत सोडायला आईपेक्षा तीच जास्त वेळा आली असेल.

चाळीत दिवसा दार लावायची पद्धत नव्हती. दिवसाउजेडी दार बंद दिसलं की माणसं थांबून विचारायची, कोण आजारी आहे का, काय झालं? गावाला जाताना कुलूप लागायचं, आणि किल्ली मावशीच्या भिंतीवरच्या खिळ्याला. ती गावाला गेली की तिची किल्ली आमच्या खिळ्याला. याबद्दल कधी कोणी कोणाला काही विचारल्याचं मला आठवत नाही. किल्ली शेजारी असायची, एवढंच.

मग चाळ पडली, टॉवर उभा राहिला. सोडतीत आम्हाला सतरावा मजला मिळाला, मावशीला अकरावा. आमच्या पॅसेजमध्ये आठ दारं, आठही बंद. आईने पहिल्याच दिवशी दारात स्टूल लावून ठेवलं, दार उघडं राहावं म्हणून. मी संध्याकाळी आलो तर ती आत भाजी चिरत बसलेली आणि दार सताड उघडं.

"आई, दार लावत जा."

"का? कोण मेलंय आपल्याकडे?"

मी रोज सांगायचो, ती रोज स्टूल लावायची. लिफ्टचं दार उघडलं की मी आधी आमच्या दाराकडे बघायचो. मग बाजूच्या विंगमध्ये एका म्हाताऱ्या बाईंकडे कोणी माणूस गॅसचा पाइप तपासायला आलोय म्हणून शिरला. बांगड्या काढून घेतल्या आणि जाताना त्यांना ढकलून गेला. त्या पलंगाच्या कडेवर आपटल्या. मी त्यांना कधी पाहिलंही नव्हतं. पण त्यानंतर ऑफिसात कागदांवर सह्या घेताना मधेच मला आमचा पलंग दिसायचा. त्याची कड दिसायची.

मी फोर्टला एका शिपिंग कंपनीत कागदपत्रांचं काम करतो. तिथून चालत वीस मिनिटांवर नागदेवीच्या बाजूला कुलपांची दुकानं आहेत. आठवडाभर मी जेवणाच्या सुट्टीत तिकडेच जात होतो. बोटाच्या ठशाने उघडणारं कुलूप, कार्डाने उघडणारं, फोनवरून उघडणारं, आकडे दाबून उघडणारं. मी प्रत्येकाची वाईटातली वाईट शक्यता विचारायचो. बॅटरी संपली तर? संपायच्या आधी महिनाभर ओरडतं. लाइट गेली तर? लाइटशी संबंध नाही. कोणी हातोडा घातला तर? कोणी फोनमधून नंबर चोरला तर? कोणी लांबून बघितला तर?

दुकानदार बिचारा सगळ्याला उत्तर द्यायचा. शेवटी एके दिवशी चहाचा कप माझ्यापुढे सरकवून म्हणाला, "साहेब, एक सांगा. तुम्हाला चोरापासून वाचायचं आहे, का घरच्यांपासून?"

मी हसलो. त्या वेळी मला तो विनोदच वाटला.

शनिवारी मी आईला टॅक्सीने दुकानात नेलं. माझ्या मनात बोटाच्या ठशाचं कुलूप होतं. त्यात काही लक्षात ठेवायला नको, आणि ठसा कोणाला सांगताही येत नाही. आईने नमुन्याच्या कुलपावर बोट ठेवलं. कुलपातून एक बाई इंग्रजीत काहीतरी बोलली.

"काय म्हणते ही?"

"परत ठेव म्हणते."

परत ठेवलं, परत तेच. दुकानदाराने फडक्याने तिचं बोट पुसलं. मग दुसरं बोट, मग अंगठा, मग डावा हात. दहाही बोटं झाली. ती बाई आपली परत ठेवा, परत ठेवा.

"माँजी, तुमच्या बोटांवर ठसेच नाहीत," दुकानदार म्हणाला. "हाथ का काम बहुत किया है."

"भाकऱ्या," आई म्हणाली. "तव्यावर गेले सगळे. चोरी मीच करायला पाहिजे होती. पोलिसांना सापडले नसते."

दुकानातली सगळी हसली. मी नाही हसलो. मला वाटलं, म्हणजे आता नंबरच. कार्ड ती हरवेल, फोन तिला जमत नाही. आणि नंबर म्हणजे तोंडाने सांगता येणारी गोष्ट.

रविवारी कुलूप बसवायला मिस्त्री आला, माझ्याच वयाचा, शांत माणूस. त्याने दाराला भोकं पाडली, लाकडाचा भुसा स्वतः झाडून घेतला आणि विचारलं, "नंबर सांगा. सहा आकडी."

मी तोंड उघडायच्या आत आई आतून म्हणाली, "चौतीस, पस्तीस, छत्तीस."

"वा," मिस्त्री म्हणाला. "विसरायचा प्रश्नच नाही."

माझ्या डोक्यात लगेच आलं की या टॉवरमधली निम्मी माणसं त्याच चाळीतली, त्यांना आमची खोली ठाऊक आहे. पण आई इतकी खूश होती की मी तोच नंबर राहू दिला.

"दार लागलं की आपोआप लॉक व्हायला पाहिजे, का तुम्ही बटण दाबल्यावर?" त्याने विचारलं. "घरात वयस्कर माणूस आहे, तर मी म्हणेन आपोआप नको. बाहेर राहिल्या तर पंचाईत."

"आपोआपच ठेवा," मी म्हणालो. "नंबर पाठ आहे तिला."

कुलपासोबत दोन साध्या किल्ल्या होत्या, अडीअडचणीसाठी. खालच्या बाजूला झाकण सरकवलं की त्यांचं भोक. मिस्त्री म्हणाला, एक तरी जवळच्या शेजाऱ्यांकडे ठेवा. मी हो म्हणालो. सोमवारी दोन्ही किल्ल्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये नेऊन टाकल्या.

आईला मात्र ते कुलूप फार आवडलं. ती मुद्दाम बाहेर जायची आणि परत यायची. आकडे दाबताना मोठ्याने म्हणायची, शाळेत पाढे म्हणतात तसं. चौतीस म्हणजे आपण, पस्तीस म्हणजे मावशी, छत्तीस म्हणजे जेवायला येणारी मंडळी. सगळ्या पॅसेजमध्ये तिचा आवाज घुमायचा.

"आई, मनात म्हण ना."

"मनात म्हटलं की बोट चुकतं."

दोनेक महिने असे गेले. मग एके दिवशी मी ऑफिसातून लवकर निघालो. लिफ्टमधून बाहेर आलो तर आमच्या दाराशी मावशी उभी. एका हातात झाकलेला डबा, दुसऱ्या हाताचं बोट कुलपावर, आणि तोंडाने चालू, "चौतीस... पस्तीस..." समोरच्या दाराशी पार्सल घेऊन आलेला एक माणूस बेल वाजवून उभा होता. त्याचं तोंड आमच्या दाराकडे होतं. दार उघडलं आणि मावशी आत गेली, आपल्या घरात जावं तशी.

मी मागोमाग आत शिरलो. आई आतल्या खोलीत झोपलेली होती. मावशीने डबा ओट्यावर ठेवला, शिंपल्यांचा वास सुटला.

"तिसऱ्यांचा सुका आणलंय," ती तिच्या मालवणीत म्हणाली. "तुझी आवस निजली असतली, म्हटला तिका कित्याक उठवा. नंबर माका ठावक आसा."

मी हसून थँक्यू म्हणालो. पिशवी खाली ठेवली आणि परत दाराशी जाऊन बाहेर बघितलं. तो पार्सलवाला गेला होता, पण माझ्या कानात ते आकडे तसेच वाजत होते.

आई उठल्यावर मी विचारलं, "मावशीला नंबर तू दिलास?"

"दिला. किल्ली शेजारी नको?"

मी डबा उचलून फ्रिजमध्ये ठेवला. बोलायला हवं होतं. मावशीवर माझा विश्वास नाही असं नव्हतं. पण मावशी कोणाला सांगेल, तो कोणाला सांगेल, असं मोजत मोजत मी त्या बाजूच्या विंगमधल्या पलंगापर्यंत जाऊन पोहोचलो. हे आईला समजावायचं म्हणजे तुझी पन्नास वर्षांची शेजारीण आता परकी आहे असं म्हणायचं. ते म्हणायची माझ्यात हिंमत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई देवापाशी बसली होती. मी कुलपाच्या आतल्या बाजूचं झाकण काढून नंबर बदलला. कशाचाच कशाशी संबंध नाही असे सहा आकडे घेतले. मलाही पाठ होईनात, म्हणून फोनमध्ये लिहून ठेवले. संध्याकाळी तिला सांगू, असं मी मनाशी म्हटलं. पण खरं सांगायचं तर, तिला कळलं की दुपारपर्यंत अकराव्या मजल्याला कळणार, हे मला माहीत होतं. आणि घर उघडायचा आकडा फक्त माझ्या खिशात आहे, या विचाराने लिफ्टमधून उतरताना मला कित्येक महिन्यांनी मोकळा श्वास घेता आला.

सव्वाअकराला मावशीचा फोन आला. स्क्रीनवर तिचं नाव बघितलं आणि मी फोन पालथा ठेवला. मला वाटलं, ती परत डबा घेऊन वर गेली असेल, दार उघडलं नसेल, आता जाब विचारेल. पुन्हा वाजला. तिसऱ्यांदा वाजला. मी आवाज बंद केला आणि समोरच्या कागदांत डोकं घातलं.

मग गेटवरचा नंबर आला. वॉचमन ओरडत होता. "साब, नंबर बोलो जल्दी! आपके घर में से धुआँ आ रहा है, माँजी बाहर है!"

मला नंबर आठवेना. फोन कानाला, आणि नंबर त्याच फोनमध्ये. कानावरून काढून शोधायला गेलो तर फोन कट झाला. परत लावला. एकेक आकडा ओरडून सांगितला. सगळं ऑफिस माझ्याकडे बघत होतं. पलीकडून टीं टीं असा आवाज आला आणि वॉचमन म्हणाला, नहीं हो रहा. तेव्हा मला आठवलं की पाच वेळा चुकीचा नंबर दाबला की कुलूप तीन मिनिटं कोणालाच दाद देत नाही. ही सोय मी दुकानात स्वतः मागून घेतली होती.

ती तीन मिनिटं मी फोन धरून जिन्यावर उभा होतो. पलीकडे माणसं खोकत होती. आईचा आवाज ऐकू येत नव्हता.

नक्की काय झालं ते नंतर थोडं थोडं कळलं. आईने गॅसवर दूध ठेवलं होतं आणि पॅसेजच्या टोकाला कचरा टाकायला गेली होती. मिनिटाचं काम. मागे वाऱ्याने दार लागलं. तिला त्याचं काहीच वाटलं नाही. ती आली, चौतीस पस्तीस छत्तीस दाबलं. लाल दिवा. परत दाबलं. परत लाल. हळू दाबलं, मोठ्याने म्हणत दाबलं. पाचव्यांदा कुलूप किंचाळायला लागलं. आतून दूध करपल्याचा वास यायला लागला. तिने समोरची बेल वाजवली. दाराच्या भिंगातला उजेड हलला, म्हणजे आत कोणीतरी आलं, बघितलं आणि उभं राहिलं. दार उघडलं नाही. लिफ्टने एकटीने जायची तिला भीती वाटते. ती सहा मजले जिन्याने अनवाणी उतरून मावशीकडे गेली. तिचे गुडघे मला माहीत आहेत. मावशीने तिला आपल्याकडेच बसवलं, मला फोन लावत एकटी वर गेली आणि मग वॉचमनला बोलावलं.

मी पोहोचलो तेव्हा गॅस बंद झाला होता. वॉचमन आणि मावशीने आत शिरून सगळं विझवलं होतं. पातेलं काळं ठिक्कर, भिंतीवर धुराचा पट्टा, शेगडीशेजारचे प्लॅस्टिकचे डबे वितळून एकमेकांना चिकटलेले. आई पॅसेजमध्ये वॉचमनच्या खुर्चीवर बसली होती. मला बघितल्यावर ती उठायला लागली. एरवी उशीर झाला की मला शिव्या घालणारी माझी आई, मास्तरांसमोर उभं राहावं तशी उभी राहिली.

"नंबर विसरले रे मी," ती म्हणाली.

तिथेच बोलायला हवं होतं. तोंडात शब्द आलेही होते. मावशी तिथेच होती, वॉचमन होता, भिंगामागचे ते लोकही आता दार उघडून उभे होते. मी म्हणालो, "असू दे. होतं असं."

याहून वाईट मी संध्याकाळी केलं. आई मावशीकडे अंघोळीला गेली असताना मी कुलपाचा नंबर परत पूर्वीचा करून ठेवला. कोणाला कळू नये म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला दाराबाहेर नेलं. "तू बघ हं," म्हणाली. एकेक आकडा थांबून थांबून दाबला. चौतीस. पस्तीस. छत्तीस. दार उघडलं.

ती उघड्या दाराकडे बघत राहिली. दार उघडल्याचं एवढं भय मी कोणाच्या चेहऱ्यावर पाहिलेलं नाही.

"म्हणजे काल मी दुसरंच काहीतरी दाबत होते," ती म्हणाली. "मला वाटत होतं की हेच दाबतेय."

"घाईत बोट चुकलं असेल."

"पाच वेळा?"

आईची थोरली बहीण गावी अशीच गेली होती. आधी नावं विसरली, मग घर विसरली, शेवटी एका दुपारी खाडीच्या कडेला चिखलात बसलेली सापडली. आई तेव्हा दोन महिने तिच्याजवळ राहून आली होती. त्यावर ती कधी बोलायची नाही. आता बोलायला लागली. दुपारी ऑफिसात फोन करायची. "आपली खोली चौतीसच ना रे?" मी हो म्हणायचो. "नक्की ना? मला बरं वाटावं म्हणून सांगत नाहीस ना?"

तिने गॅस लावणं सोडलं. सकाळी मी करून ठेवायचो तेच खायची. दारात रांगोळी काढायची बंद केली, कारण त्यासाठी बाहेर पाऊल टाकावं लागतं. छत्तीस नंबरातून जेवायला येणाऱ्यांची नावं ती क्रमाने म्हणत बसायची. एखादं अडलं की घाम फुटायचा. मी स्वयंपाकघरात उभा राहून ऐकायचो. अडलेलं नाव मला आठवत असायचं, तरी मी पुढे होत नव्हतो. मला वाटायचं, आता बोललो तर ती एकेक दिवस मोजेल. आज सांगायचं तर काल का नाही सांगितलंस म्हणेल. असं म्हणत मी त्यात रोज एक दिवस घालत गेलो.

परळला एका डॉक्टरांकडे तिला नेलं. नेलं म्हणजे तीच म्हणाली, ने. डॉक्टर भले होते. त्यांनी तीन शब्द सांगितले, रुमाल, पेरू, खुर्ची, आणि म्हणाले की थोड्या वेळाने विचारेन. मधे वार विचारला, शंभरातून सात वजा करायला लावले. आईने पदराचं टोक मुठीत आवळलं होतं. शेवटी तिने रुमाल सांगितला, पेरू सांगितला आणि तिसऱ्यापाशी थांबली. ती खुर्चीवरच बसलेली होती. माझ्याकडे बघायला लागली.

डॉक्टरांनी मला विचारलं, "हे कधी लक्षात आलं? काही ठळक प्रसंग?"

मी म्हणालो, "दाराचा नंबर विसरली. पन्नास वर्षं राहिलेल्या खोलीचाच नंबर होता."

हे मी म्हणालो. डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. एक गोळी दिली, तीन महिन्यांनी परत या म्हणाले. भीतीनेही असं होतं कधी कधी, असंही म्हणाले. ते ऐकून मी खाली बघितलं.

नसलेल्या आजाराची गोळी मी तिला रोज जेवणानंतर पाण्यासोबत देत होतो. आणि मग खरंच चुकायला लागलं. ताकात मीठ दोनदा पडायला लागलं, चष्मा फ्रिजमध्ये सापडला. या वयात कोणाचंही होतं तसं असेल. पण माझी झोप उडाली. मी जे खोटं बोललो ते आता खरं होऊ घातलंय, मीच ते तिच्या डोक्यात घातलंय, असं मला वाटायचं. चोराच्या भीतीने सुरू झालेलं हे सगळं, आणि आता घरात शिरताना मला माझीच भीती वाटत होती.

मावशीने मला गाठलं ते गेटपाशी, मी दूध घेऊन येत होतो तेव्हा.

"डॉक्टरकडे नेलंस तिका?"

"हो."

"माका येक सांग. खरा सांग. त्या दिवशी मी सुद्धा पाच वेळा चौतीस पस्तीस छत्तीसच दाबलंय. मगे वॉचमनाक तू फोनवर भलतोच नंबर सांगलंस. मी बाजूक उभी होतंय." ती माझ्याकडे वर बघत होती, ती माझ्या खांद्याइतकीच आहे. "नंबर तूच बदललंस मां? माझ्यामुळे?"

मी होकाराची मान हलवली.

"मी वाट बघी होतंय," ती म्हणाली. "म्हटला आज सांगात, उद्या सांगात. मेल्या, ती माका सांगता, मी बहिणीसारखी चिखलात जातलंय. आणि तू तिका गोळये घालतंस?"

"मावशी, तू का नाही सांगितलंस तिला?"

"मी सांगूचंय नाय. मी सांगलंय तर तिचो एकुलतो झिल जातलो. तूच सांग."

तरीही मी त्या दिवशी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. हे लपवून काय करू?

त्यानंतरच्या रविवारी सकाळी मी चहा केला. आई पलंगावर भिंतीला टेकून बसली होती. तिने कप घेतला, बाजूला ठेवला आणि म्हणाली, "तुला एक काम सांगायचंय. नाही म्हणू नकोस."

"काय?"

"त्या दाराचा नंबर बदल. आणि मला सांगू नकोस."

मी माझा कप खाली ठेवला.

"मी विचार केलाय," ती म्हणाली. "मला येत असला की मी बाहेर जाणार. बाहेर गेले की विसरणार. आत असले तर निदान आत असेन. तू सकाळी लावून जा, संध्याकाळी येऊन उघड. मावशीलाही सांगू नकोस, ती मऊ आहे, मी मागितला तर देईल. मी खाडीवर सापडायला नको, बाळा. तेवढं कर."

हे ती रडत म्हणाली असती तर मी कदाचित पुन्हा पळ काढला असता. पण तिने ते व्यवस्थित ठरवून, मला त्रास होऊ नये म्हणून मऊ आवाजात सांगितलं. मी जे तिच्या नकळत केलं होतं, तेच ती आता माझ्याकडे भीक मागितल्यासारखं मागत होती.

मी पलंगापाशी खाली बसलो. तिच्या पायांवर डोकं ठेवावं असं वाटलं, पण मग तोंड लपलं असतं. म्हणून तिच्याकडे बघत बोललो.

"आई, नंबर मी आधीच बदलला होता. दूध लागलं त्या दिवशी सकाळी, तू देवापाशी होतीस तेव्हा. तू बरोबरच दाबत होतीस. पाचही वेळा बरोबर."

तिने माझ्याकडे, मग दाराकडे बघितलं.

"दुसऱ्या दिवशी उघडलं ते?"

"संध्याकाळी मी परत पहिला केला. कोणाला कळू नये म्हणून."

"का बदललास?"

"मावशीला माहीत होता म्हणून. मला भीती वाटली."

"मावशीची?"

"सगळ्यांची."

ती बोटांवर महिने मोजत होती बहुधा, कारण नंतर म्हणाली, "चार महिने. डॉक्टरकडेसुद्धा?"

"डॉक्टरकडेसुद्धा."

"मी रोज रात्री देवाला म्हणायचे, डोकं जायच्या आधी मला ने," ती म्हणाली. "तू पलीकडच्या खोलीत ऐकत होतास?"

"ऐकत होतो."

तिने हात उचलला. मला वाटलं मारेल, मारावं असं वाटलं. तिने तो हात स्वतःच्या कपाळावर ठेवला आणि तसाच दाबून धरला, आत काही शाबूत आहे का ते चाचपडत असल्यासारखा.

मी म्हणालो, "आई, तुझ्या डोक्याला काही झालेलं नाही. मी भित्रा आहे, आणि माझी भीती मी तुझ्या डोक्यात घातली. उद्या डॉक्टरांना जाऊन मी हे सांगेन, मावशीलाही तिच्या दारात जाऊन सांगेन. तू मला माफ करावंस असं मी केलेलं नाही, तरी मागतो. चुकलो मी, आई. मला माफ कर."